फेणीसारखी जपलेली

मी एक जुनी हिरवी बाटली आहे आणि आज माझ्या पोटात फिनेल आहे. डिचोलीजवळच्या सर्वण गावात, सगुणच्या घरामागच्या न्हाणीत, साबणाच्या शेजारी माझी जागा आहे. माझं झाकण घट्ट बसतं, एवढाच माझा गुण या घरात शिल्लक राहिला आहे.

मित्रांनो, माझ्यात पूर्वी जे होतं ते प्यायचं तुमचं वय नाही. पण माझी गोष्ट तुम्हीच ऐका. मोठ्यांना सांगून काही उपयोग होईल असं मला वाटत नाही.

मी भरले गेले न्यूझीलंडच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वायनरीत. वायनरी म्हणजे द्राक्षांची वाइन करण्याचा कारखाना. तिथला वारा बर्फावरून येतो. आपल्याकडच्या उन्हात फळ भराभर गोड होऊन जातं. तिथे मात्र द्राक्ष दिवसा थोडं ऊन खातं, रात्री गारठतं, आणि गोडी भरली तरी आंबटपणा सोडत नाही. कोवळ्या कोंबांवर दव गोठू लागलं की मळ्यात मोठाले पंखे फिरवून त्यांना वाचवावं लागतं. तोडलेल्या द्राक्षांचा रस पोलादी टाक्यांत, थंडीतच, सावकाश आंबतो. त्या टाक्या धुता धुता जिच्या हातांना भेगा पडल्या, ती सगुणची मुलगी सुविधा. पुढे मालकीणबाई तोडणीआधी तिला मणी चाखायला देऊ लागल्या, आणि ती म्हणेल तेव्हा तोडणी होऊ लागली. तिच्या शब्दावर तोडलेल्या पहिल्या द्राक्षांची वाइन माझ्यात भरली होती. रंगाने जवळजवळ पाणी, आणि वास कोवळ्या लिंबाच्या पानाचा.

सुविधाने मला विकायला ठेवलं नाही. तिला माझ्याकडून एक काम करून घ्यायचं होतं.

सगुण पाळी गावच्या खाणीवर टिपर, म्हणजे खनिजाचा ट्रक, चालवायचा. मुलगी परदेशी निघाली तेव्हा त्याने तिला उंबऱ्यावर ऐकवलं होतं, "दारूच गाळायची तर दर्यापार कित्याक? ती आमच्या भाटातल्या काजूंची पण गळता." कित्याक म्हणजे कशाला, आणि भाट म्हणजे बागायत.

सुविधा म्हणाली होती, "बाबा, मी केलेली एकदा चाखा. मग काय ते बोला."

ते बोलणं ऐकण्यासाठी तिने मला धाडलं. तुये गावचा निलेश तिच्याबरोबर कामाला होता. तो सुट्टीवर येताना लोकरी मोज्यात गुंडाळून मला घेऊन आला. मी पोचले त्याच दिवशी तिचा फोन आला. "बाबा, फ्रीजमध्ये ठेवा आणि ह्याच वर्षी प्या. ही फेणी नव्हे."

"फ्रीजात? नुस्त्याच्या शेजारी?" सगुण म्हणाला. मासळीच्या शेजारी मुलीची वस्तू ठेवणं त्याला पटेना. त्याने मला टीव्हीवरच्या शोकेसमध्ये उभं केलं. दुपार कलली की पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन थेट माझ्यावर येई.

आता त्याची चूक सांगते. सगुणच्या खाटेखाली काजूच्या फेणीची काचेची मोठी बरणी असायची. घरी कुणी आलं की तो तिचं बूच काढायचा, पाहुण्याला वास द्यायचा आणि बूच परत लावायचा. फेणी कडक. अशी कितीदा उघडली तरी तिचं काही बिघडत नाही, उलट मुरत जाते. हाच मान त्याने मलाही दिला. पोस्टमन आला, वास दिला. मतदारयाद्यांचे मास्तर आले, वास दिला. झाकण फिरवायचा आणि म्हणायचा, "घे वास. माझ्या चेडवान केल्ली. तिकडचे गोरे तिका विचारून द्राक्षां तोडतात!"

प्रत्येक कौतुकाबरोबर थोडी हवा आत शिरत होती, आणि माझ्यातलं लिंबाचं पान थोडं थोडं मरत होतं. चवथीला घरात गणपती येई तेव्हा सुमंगला, म्हणजे सगुणची बायको, मला गोणपाटात गुंडाळून गोठ्याच्या पत्र्याखाली ठेवी. तिथे मी उकडून निघे. माझा राग तिच्यावर नाही. तिला मी दारू होते. राग आहे तो ज्याला मी मुलगी होते त्याच्यावर.

कारण फोनवर हा माणूस वेगळाच असायचा.

"बाबा, चाखली?"

"चाखतां गो."

"गावात सगळ्यांना दाखवता म्हणे?"

"कोण सांगता? पडली आसा खंयतरी कोपऱ्यात."

फोन ठेवला की सुमंगला चिडायची. "तिका एक बरो शब्द बोलल्यार जीभ झडता तुमची?" त्यावर सगुण म्हणायचा, "ती येतली तेन्ना फोडूया. रिकामी केली तर लोकांक दाखवू काय?"

अशी वर्षं गेली, आणि एका मे महिन्यात सुविधा घरी आली. रात्रीच्या जेवणाला सगुणने पांडुरंगला बोलावलं. पांडुरंग दोडामार्गचा, खाणीवरचा त्याचा जुना जोडीदार. सगुणने मला पुसलं आणि चहाच्या ग्लासांत ओतलं. मी कोऱ्या चहाच्या रंगाची निघाले.

सुविधाने ग्लास दिव्यासमोर धरला. "उघडली होती ही?"

"उघडूक ना गो. फकत वास दिलो लोकांक."

पांडुरंगने घोट घेतला आणि डोळे मिटून घेतले. "सगुणा, ह्या काय रे? चेडवाच्या नावान माका विनागर पाजतंस? वहिनी, कांदो हाडा, कोशिंबीर करूया!"

विनागर म्हणजे व्हिनेगर, आंबून गेलेली वाइन. सगुणने आपला ग्लास तळापर्यंत रिकामा केला. त्याचा घसा जळलेला मला दिसला. मग ज्या शब्दासाठी मी दोन समुद्र ओलांडले होते, तो त्याने एकदाचा उच्चारला. "बरी आसा."

सुविधा हळूच म्हणाली, "बाबा, ही बरी असेल तर माझी सगळी वर्षं फुकट गेली. मी पाठवली ती ही नव्हे. ही तुम्ही केलेली."

सगुणने सुमंगलाकडे पाहिलं. तो गावभर जे बोलत आला होता, ते तेव्हाही बोलू शकला असता. त्याने कांदा उचलला आणि सोलायला बसला.

महिनाभराने सुविधा परत निघाली. उंबऱ्यावर तो म्हणाला, "आनीक एक धाडशी?"

"कित्याक बाबा? विनागर आपल्याकडे पण मेळता," ती म्हणाली आणि टॅक्सीत बसली.

त्यानंतर तिच्याकडून बाटली आली नाही. मला विसळून पुन्हा शोकेसमध्ये ठेवायचा सगुणचा विचार होता, पण सुमंगलाला फिनेलसाठी घट्ट झाकणाचं काहीतरी हवंच होतं.

मित्रांनो, वस्तू आबाळ केल्याने बिघडतात असं तुम्हाला शिकवतात. मी मात्र जपून ठेवल्याने बिघडले. तुमच्यासाठी कुणी काही करून पाठवलं तर ते ताजं असतानाच चाखा, आणि कसं लागलं ते ज्याने केलं त्यालाच सांगा. शेजाऱ्याला सांगून ते त्याच्यापर्यंत पोचत नाही.

सगुण अजूनही सकाळी न्हाणीत आला की सवयीने माझं झाकण फिरवतो. फिनेलचा वास नाकात जातो, तो तोंड फिरवतो आणि झाकण घट्ट लावतो. त्याने तिच्याबद्दल गावात काढलेला एकेक चांगला शब्द मी ऐकला आहे. तिने त्यातला एकही ऐकलेला नाही.