परतीची बोट परवा

बेटावर पाऊल ठेवल्यापासून झीसिसचं बूड एका जागी टेकेना. सगळा जन्म डोंगरात गेलेला, मेंढ्यांमागे. पिंडस पर्वतातल्या त्याच्या गावात दार उघडलं की समोर झाडांची गर्दी. नजर कुठेतरी अडायची, विसावायची. इथे व्याह्यांच्या घरात कुठल्याही खिडकीशी जावं तर पाणी. न्हाणीघराच्या झरोक्यातूनही पाणीच. पलंगावर आडवं झालं तरी बोट अजून हलते आहे असं वाटायचं. सकाळी तो काठी घेऊन निघायचा, पायऱ्यांची गल्ली चढून माथ्यावर जायचा, पलीकडे तरी काही वेगळं असेल म्हणून बघायचा. पलीकडे पुन्हा तेच.

तो आला होता मुलीला घेऊन, तिच्या लग्नाची तारीख पक्की करायला. आरेती त्याची एकुलती एक. यानिना शहरात औषधांच्या दुकानात कामाला होती. सैन्यातली सक्तीची नोकरी करायला आलेला लिनार्दोस तिला तिथेच भेटला. बेटावरचा कोळ्याचा पोर, उंच, शांत, हसला की डोळे बारीक होणारा. ईस्टरला साखरपुडा झाला तेव्हा मुलाकडची मंडळी डोंगरात आली होती. कोकरू भाजलं, नाच झाला, सगळं रीतसर पार पडलं. आता ही परतभेट. झीसिसच्या बायकोला, ग्लिकेरियाला, यायचं फार मनात होतं. पण जूनचे पहिले दिवस म्हणजे मेंढ्या वरच्या कुरणात न्यायचे दिवस, घरी कोणीतरी हवंच. तिने चीजचा मोठा गोळा फडक्यात बांधून दिला आणि बजावलं, "तिथे मख्खासारखे बसून राहू नका. एकच पोर आहे आपली. सगळं विचारून घ्या."

विचारायला उसंत मिळाली तर ना! व्याही याकोव्होस एकदा बोलायला लागला की बंदरातलं बोलणं वरच्या गावात ऐकू जायचं.

"व्याही, तुम्ही सारखे समुद्राकडे पाठ करून का बसता हो?"

"तोंड केलं की तो माझ्याकडे बघतो," झीसिस म्हणाला.

"बघू द्या की! माझ्याकडे जन्मभर बघतोय. अजून गिळलं नाही."

"तुम्ही कडू लागत असाल त्याला."

विहीणबाई कॅलिओपी चुलीपाशी हसत म्हणाली, "बरोब्बर ओळखलंत, व्याही. मी चाखून बघितलाय."

माणसं वाईट नव्हती. त्यामुळेच झीसिसला आपल्या तळमळीला नाव देता येईना.

रविवारी चर्चहून आल्यावर कॅलिओपीने आरेतीचा हात धरला आणि सगळ्यांना माडीवर नेलं. पोरासाठी नवी माडी चढवली होती. भिंतींना ताजा चुना, खिडक्यांचा रंग अजून बोटाला लागणारा. पलंगावर कॅलिओपीच्या स्वतःच्या लग्नातली विणलेली चादर.

"खाली आम्ही, वर तुम्ही," ती म्हणाली. "मागच्या दोन खोल्या उन्हाळ्यात पाहुण्यांना देत जाऊ. चादरी, नाश्ता, साफसफाई तू बघायचीस. माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत."

"सुंदर आहे," आरेती म्हणाली. पण ती उंबऱ्यावरच उभी होती, हे झीसिसने पाहिलं.

जेवायला ऑक्टोपस होता, पिवळ्या डाळीचं घोटलेलं वरण होतं, घरची वाइन होती. याकोव्होसने पेला उचलला. "सप्टेंबर! पाहुणे कमी झालेले असतात, लग्न लावणारा पापाही रिकामा असतो. काय व्याही, चालेल?"

झीसिसने काही म्हणायच्या आत आरेती म्हणाली, "सप्टेंबर बरा पडेल. म्हणजे थंडीच्या आत आम्हाला यानिनाला जाता येईल. लिनार्दोसला तिथे इंजिनं दुरुस्त करायचं काम मिळतंय. हिवाळा तिकडे, उन्हाळा इकडे, असं ठरलंय आमचं."

याकोव्होसचा पेला हवेतच राहिला.

"यानिनाला? आणि तिथे हा काय करणार? तळ्यातले बेडूक धरणार?" आणि तो असा हसला की टेबलावरच्या ताटल्या वाजल्या. "पोरी, हिवाळ्यातच तर खरी मासेमारी. होडीवर मी एकटा काय करू? याने थट्टा केली असेल तुझी."

आरेतीने लिनार्दोसकडे पाहिलं. "सांग ना त्यांना."

लिनार्दोस पावाचा तुकडा कुस्करत होता. "बघू," तो म्हणाला. "बोलू नंतर."

"बघा, थट्टाच!" बापाने त्याच्या पाठीत धपका घातला. "लबाड आहे लेकाचा!"

आणि लिनार्दोसही हसला. बापासारखा मोठ्याने नाही, पण हसला.

आरेतीने काटा ताटलीच्या कडेला ठेवला, अगदी हळू, आवाज न करता. ग्लिकेरियाला खरा राग येतो तेव्हा तीही वस्तू अशाच हळू ठेवते.

त्या दुपारपासून घरात दोन माणसं अस्वस्थ झाली. बाप चढावर जायचा, पोर बंदरावर. बाप बंदरावर उतरला की ती चढावर. दुसऱ्या दिवशी सकाळी अखेर तो तिच्या मागोमाग गेला. माथ्यावर जुनं खळं होतं. खाली दगडी बांधांच्या फटीत उगवलेल्या केपरच्या झुडपांच्या कळ्या बायका लोणच्यासाठी वेचत होत्या. त्यांच्या गप्पा वाऱ्यावर तुटक तुटक वर येत होत्या. आरेती खळ्याच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"उन्हात काय बसलीस?"

"बाबा, मला हे लग्न करायचं नाही."

झीसिसच्या हातातली काठी दगडावर आपटली. "आता? सगळं गाव जेवून गेलंय साखरपुड्याला! हे बोटीत सांगता आलं नाही तुला?"

"बोटीत मला माहीत नव्हतं."

"एका 'बघू'साठी एवढं? पुरुष माणूस बापापुढे दबतो थोडा. लग्न झालं की येतं बोलायला."

"तुम्ही दबला होतात?"

झीसिसला ग्लिकेरियासाठी बापाशी झालेलं भांडण आठवलं. पुरा एक हिवाळा बाप-लेक एका गोठ्यात राबत होते, पण बोलत नव्हते.

"तो वाईट नाही," आरेती म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "काल रात्रभर मी हाच विचार करत होते. त्याला सोडायला एखादं तरी वाईट कारण हवं होतं मला. पण तिकडे तो माझ्याशी एक बोलतो आणि इकडे गप्प बसतो. मी विचारलं तर म्हणाला, तू आधी इथे ये, मग हळूहळू बाबांना वळवू. बाबा, यानिनाला जायचंच नाही, हे मला लग्न होऊन इथे आल्यावर कळणार होतं. चादर घातलेल्या पलंगावर बसल्यावर."

खालून एका बाईने हाक मारली, "डोंगरवाले, सुनेला घेऊन खाली या! ऊन लागेल तिला!" दुसऱ्या दोघी हसल्या. झीसिसने हात वर केला. तो खळ्याभोवती एक फेरी मारून आला, मग आणखी एक.

"पोराला तू सांगायचंस," तो शेवटी म्हणाला. "तोंडावर. मोठ्यांना मी सांगतो. पण इथून चोरासारखं निघायचं नाही."

लिनार्दोस धक्क्यावर उलथ्या होडीला रंग देत होता. झीसिस वरच्या कट्ट्यावर थांबला. शब्द ऐकू येत नव्हते. पोराचा हात रंगाच्या डब्यावर थांबलेला दिसला. मग आरेतीने बोटातली अंगठी काढून दिली. लिनार्दोसने ती कुठे ठेवावी हे न कळून आधी एका हातात, मग दुसऱ्या हातात घेतली आणि रंगाने बरबटलेल्या पँटच्या खिशात टाकली. ती वळून चालू लागली, तेव्हा तो होडीकडे तोंड करून तसाच उभा होता.

घरी झीसिसने टोपी काढून हातात घेतली. "व्याही, विहीणबाई, मी तुमचं मीठ खाल्लंय. त्यामुळे आडून बोलत नाही. पोरीचं मन नाही. सोयरीक मोडतो आम्ही. चूक असेल ती माझ्या पदरात घाला."

कॅलिओपीने चुलीवरचं भांडं खाली उतरवलं. याकोव्होस जन्मात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला असेल. "कशाबद्दल?"

"ते तुमच्या पोराला विचारा."

याकोव्होस तरातरा बाहेर गेला. दार असं आदळलं की चुना पडला. झीसिसने पिशव्या भरल्या आणि गल्लीत आणून ठेवल्या. मग त्याच्या ध्यानात आलं, बोट परवा. भाडं देऊन राहायची जागा बेटावर एकच, आणि ती याकोव्होसच्या बहिणीची.

तो पिशव्यांपाशी उभा राहिला. शेजारची बाई दारात आली. तिच्या शेजारचीही आली. कॅलिओपी बाहेर आली, पिशव्यांकडे पाहिलं, शेजारणींकडे पाहिलं.

"काय बघताय? पाहुण्यांच्या पिशव्या कधी पाहिल्या नाहीत?" तिने एक पिशवी उचलली. "आत या, झीसिस. नातं मोडलं असेल, माझं घर मोडलेलं नाही. बोट येईपर्यंत इथेच जेवायचं आणि इथेच झोपायचं. तुमच्या पोरीचं तोंड बघवत नाही मला आज. पण उपाशी मी तिला ठेवायची नाही."

ते दोन दिवस कसे गेले हे झीसिसचं त्यालाच माहीत. टेबलावर ताटं मांडलेली, आणि सगळे पावाकडे बघत. "मीठ द्या," एवढंच एक वाक्य. कॅलिओपी वाढताना आरेतीच्या ताटात सगळ्यांपेक्षा जास्त वाढायची आणि भांडं मात्र आदळायची. लिनार्दोस घरी जेवायला आलाच नाही. झीसिस बंदरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, तर समोरून याकोव्होस त्या टोकापासून या टोकापर्यंत. मधे दोघांची गाठ पडायची आणि दोघेही होड्यांकडे बघत पुढे जायचे. कॉफीच्या दुकानातले म्हातारे माना इकडून तिकडे फिरवत होते.

अखेर याकोव्होस वाटेत आडवा झाला. "चला होडीत. या बेटावर तुम्ही आणि मी, दोघे मावत नाही."

"मला पोहता येत नाही."

"मलाही येत नाही. चला."

झीसिसने होडीची कड दोन्ही हातांनी धरली. बंदराबाहेर लाटा आडव्या लागायला लागल्या तसं त्याचं पोट गळ्याशी आलं. याकोव्होसने इंजिन बंद केलं.

"माझा पोरगा काय दारुडा आहे?"

"नाही."

"जुगारी? बायकांच्या मागे लागणारा?"

"गुणाचा आहे. म्हणून तर ती रडते."

"मग झालं काय? तो तोंड उघडत नाही. रंगाचा डबा पाण्यात फेकला त्याने. माझ्या पोराने!"

"त्या दिवशी तुम्ही हसलात," झीसिस दात आवळून म्हणाला. ओकारी आवरत होता. "तुम्ही हसलात ते ठीक. तुम्हाला माहीत नव्हतं. पण तोही हसला. त्याने तिला शब्द दिला होता, यानिनाला यायचा."

याकोव्होसने ओंजळभर पाणी घेऊन तोंडावर मारलं.

"मला एका शब्दाने बोलला नाही."

"तुम्ही बोलू देता कुणाला?"

झीसिसला वाटलं, आता हा आपल्याला ढकलणार. याकोव्होस मात्र एवढंच म्हणाला, "ओकायचं तर त्या बाजूला ओका. इकडे वारा आहे."

झीसिस ओकला. याकोव्होसने त्याचा पट्टा धरून ठेवला.

परतीच्या दिवशी बोट बंदरात शिरली तेव्हा कॅलिओपी धक्क्यावर आली. तिने आरेतीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "शोभली असतीस माझ्या घरात," ती म्हणाली. "मला अजून राग आहे. पण जा, सुखी राहा." मग तिने तोंड न लपवता, उघडच डोळे पुसले.

लिनार्दोस शेवटच्या क्षणी आला. बाप शेजारी उभा होता, तरी तो आरेतीशी मोठ्याने बोलला. "मी यायचं ठरवलं होतं. खरंच. बाबांना सांगायची माझी छाती झाली नाही."

याकोव्होस खाली बघत होता. त्याने एक शब्द काढला नाही.

आरेती त्याच्याकडे वळली. झीसिसला वाटलं, पोर विरघळणार. "आता सांगितलंस, बरं झालं," ती म्हणाली. "पुढे कुणाला तरी उपयोगी पडेल." ती फळी चढून वर गेली.

याकोव्होसने हात पुढे केला. "व्याही म्हणायची सवय लागली होती. आता काय म्हणू?"

"झीसिस म्हणा."

बोटीत आरेती बाकावर आडवी झाली आणि लहानपणीसारखी तोंड उघडं टाकून झोपली. झीसिसला बसवेना. तो जिन्यापासून कठड्यापर्यंत आणि कठड्यापासून जिन्यापर्यंत फेऱ्या घालत राहिला. गावात काय सांगायचं, पापाला काय सांगायचं, साखरपुड्याला कोकरू देणाऱ्या चुलतभावाला काय सांगायचं. तेवढ्यात फोन वाजला. ग्लिकेरिया होती. मागे मेंढ्यांच्या घंटा ऐकू येत होत्या.

"ठरली का तारीख?"

"नाही ठरली. मोडलं आपण."

पलीकडे ग्लिकेरियाने कुणाला तरी मेंढ्या पुढे न्यायला सांगितलं.

"कुणी मोडलं? त्यांनी की तिने?"

"तिने."

"जेवली का ती?"

"झोपलीय."

"उठली की आधी खायला घाला," ग्लिकेरिया म्हणाली. "आणि तुम्ही फेऱ्या मारू नका, लोक बघत असतील. बसा एका जागी."

तो पोरीच्या पायाशी जाऊन बसला. जरा वेळाने पुन्हा उठला.