अडलेली कोंबडी

सकाळपासून तांबडी कोंबडी शेपूट पाडून कोपऱ्यात बसली होती. तांदळाची कणी टाकली तरी उठेना. मधूनच अंग फुगवून जोर लावायची आणि पुन्हा डोळे मिटायची.

अल्काचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. कागदांची पिशवी काखेत घेऊन ती दारात उभी होती. सडक अर्जुनीला अंगणवाडी मदतनिसाची मुलाखत होती, बस साडेनऊची. सासूजवळ बसायला नणंद रंजिता येणार होती. नऊ वाजून गेले तरी तिचा पत्ता नव्हता, आणि सगळं गाव धानाच्या रोवण्याला गेलेलं.

सासूला, पार्वताबाईला, लकवा मारून तीन वर्षं झाली होती. कूस बदलायची तरी दुसऱ्याचे हात लागायचे. पडवीसारख्या सपरीतल्या खाटेवरून ती म्हणाली, "अल्का, तिले अंडा फसला. पानी कोमट कर."

"मले जाचं हाये, आई."

"रंजिता आली का जाशील ना. मरून राहिली ते."

अल्काने पिशवी खुंटीला अडकवली. कोमट पाण्यात मिठाचा खडा टाकला आणि कोंबडीला पोटापर्यंत घमेल्यात बसवलं. दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागे. तळव्याखाली तिचं काळीज धडधडत होतं.

"दाबू नोको," खाटेवरून आवाज आला. "आत फुटला तं गेली."

रस्त्याच्या वळणावर बसचा हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा. अल्काचे हात पाण्यातच होते, पण हात मोकळे असते तरी काय झालं असतं? सासूला एकटं टाकता येत नाही म्हणून सख्ख्या भावाच्या लग्नालाही ती गेली नव्हती. वाटलं, या कोंबडीची मान पिरगळावी आणि भांड्यात घालावी. बस निघून गेली. रंजिता आलीच नाही.

अर्ध्या तासाने तिने बोटाला खोबरेल तेल लावलं, कोंबडीच्या मागच्या अंगाला कडेकडेने चोळलं. कोंबडीने जोर केला. एकदम मऊ, सुरकुतलेल्या कवचाचं अंडं तिच्या हातात घसरलं. पिसं पुसून अल्काने तिला टोपलीखाली ठेवलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसली.

"माह्यापायी रायली तुही नोकरी," पार्वताबाई म्हणाली.

नाही म्हणायला हवं होतं. अल्का उठली आणि घमेल्यातलं पाणी अंगणात ओतून आली.

ती परत आली तशी म्हातारी म्हणाली, "रत्नपालले फोन लाव."

रत्नपाल, अल्काचा नवरा, कोहमाऱ्याच्या ढाब्यावर काम करायचा. तासाभराच्या वाटेवर होता, पण पंधरा दिवसांनी एकदा यायचा. अल्काने मोबाईल सासूच्या कानाला लावला.

"घरी ये," पार्वताबाई म्हणाली.

"सुट्टी नाही ना आई, गाड्या लागून राहिल्या इथं."

"मी मेली असती तं आला असता का नाही? मंग तसंच समज. तू माहा पोरगा होय, अल्का नाही. रोज रातच्याले घरी यायचं आता. माही कूस तूच बदलशील."

पलीकडे ट्रकांची घरघर चालू होती. मग तो म्हणाला, "पाहतो."

"पाहतो नाही."

तो संध्याकाळी आला, रागारागाने; चहाही घेतला नाही. आईला उचलताना त्याचे हात चुकत होते आणि ती त्याला शिव्या देत होती. अल्का चुलीपाशी बसून ऐकत राहिली. मुलाखत गेली ती गेलीच. पुढची जागा कधी निघेल कोणाला ठाऊक. पण त्या रात्री कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कूस बदलायला तिला कोणी हाक मारली नाही, तरी ती दोनदा दचकून उठलीच.