शेवटच्या रकान्यातली सही

मित्रांनो, मी एक जुना, मधोमध फाटलेला कागद आहे. माझं नाव शिकण्याचा करार. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका लहान दवाखान्यात तिवशाच्या ज्योत्स्ना सिस्टरने मला स्वतःच्या हाताने लिहिलं. काय शिकणार? मांडीच्या खोल जखमेचं रक्त थांबवणं. कधीपर्यंत? दिवाळीपर्यंत. कसं? अनुभवी परिचारक चंद्रभान ब्रदरांसमोर दहा वेळा सराव करून. शेवटचा रकाना त्यांच्या सहीसाठी कोरा होता. तिला कोणी सक्ती केली नव्हती, तिलाच शिकायचं होतं. मला तिचा फार अभिमान वाटे.

तीनदा सराव झाला आणि दवाखान्याची तपासणी करणारे येणार असा निरोप आला. मग काय, एकच धांदल! सगळ्या सिस्टरांचे करार एका दुपारी कागदावर पुरे झाले. चंद्रभान ब्रदर मनाने चांगले, पण कागद दिसला की त्यांना कंटाळा यायचा.

"ब्रदर, अजून सात डाव बाकी हाये," ज्योत्स्ना म्हणाली.

"तुले तं येतेच नं! पाह्याचं काय त्यात?" म्हणत त्यांनी सही ठोकली.

तपासणीत माझं कौतुक झालं, मला भिंतीवर लावलं. सराव मात्र तिथेच थांबला. सही पाहून ज्योत्स्नाला खालच्या मजल्यावर जखमी बघायची एकटीची ड्यूटीही मिळाली.

दिवाळीआधी एका दुपारी, गाडी लावण्यावरून गल्लीत चाकू चालला. त्यात जखमी झालेल्या शिवमला आणलं तेव्हा त्याच्या मांडीतून रक्ताची धार उडत होती. ज्योत्स्नाने घाबरून वरून पट्टी बांधली. ती भिजली, तिने दुसरी बांधली. रक्त थांबेना म्हणून चिडलेल्या सोबतच्या पोरांनी खुर्ची काचेवर फेकली. एकाने केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं, आणि त्या झटापटीत माझे दोन तुकडे झाले. आरडाओरडा ऐकून चंद्रभान ब्रदर वरच्या मजल्यावरून धावत आले.

"वरून नोको बांधू वं! आत गॉज ठास, दोन्ही हातानं दाब!"

त्यांनी गॉजची जाळीदार पट्टी आत कोंबून स्वतःची मूठ जखमेत दाबली. पण उशीर झाला होता. शिवम गेला.

त्याची आई पार्वताबाई आली. दवाखान्यातले सगळे ज्योत्स्नाला म्हणाले, गप्प राहा, तुझी तर सही झालेली आहे. ती रक्ताळलेल्या कपाळानेच आईपुढे उभी राहिली.

"मावशी, मले हे पुरं येत नव्हतं."

पार्वताबाईने तिच्या थोबाडीत मारली. "मंग तू तिथं काहून उभी होती वं?"

मित्रांनो, मला तोंड असतं तर मीच उत्तर दिलं असतं. शिकणं अर्धं असेल, तर माझ्यासारख्या कागदाचा शेवटचा रकाना कोराच ठेवा. लाज वाटू देऊ नका. माझा रकाना कोरा असता, तर त्या दुपारी तिला तिथे कोणी एकटं उभं केलं नसतं.