वारिजाच्या रक्तातली खूण

मी एक जुनी खूण आहे. दगडावर कोरलेली नव्हे, की कुणाच्या कपाळावरची नव्हे. मित्रांनो, मी रक्तात राहते. प्रयोगशाळेतले लोक मला ‘सीए पंधरा-तीन’ म्हणतात. इतकं रुक्ष नाव कुणी बाळाला ठेवील का? पण माझ्या वाट्याला ते आलं खरं.

स्तनातल्या पेशींच्या अंगावर प्रथिनाची बारीक लव असते. तिचे तुकडे गळून रक्तात पडतात, तीच मी. निरोगी माणसातही मी थोडीशी असते, आणि तिथे माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मात्र पुष्कळदा मला मुठी भरभरून उधळतात. अशीच मी वारिजाच्या रक्तात वाढले.

वारिजा उडुपीजवळच्या शंकरपुरात मोगऱ्याची बाग राखते. तिचं ऑपरेशन झालं, औषधं झाली, डोक्यावरचे केस गेले. मी उतरत गेले. “शहाणी आहे हो तुमची खूण,” असं डॉक्टर शैला म्हणायच्या, तेव्हा मला कोण अभिमान वाटायचा! पुढे केस आले, पण विरळ. तशात मुलीचं, सौम्यलताचं, लग्न ठरलं आणि वारिजाची नणंद मंगळुराहून केसांच्या गोळ्या घेऊन आली.

“आता पुन्हा औषध?” वारिजाने तोंड वाकडं केलं.

“औषध कुठलं, वैनी! खत आहे खत. रोपांना घालतेस, तसं डोक्याला. विहीणबाईंच्या पुढे ही अशी उभी राहणार का?”

तेव्हापासून घरात त्या गोळ्यांचं नाव खतच पडलं.

काही महिन्यांनी वारिजाची पाठ दुखू लागली. कळ्या खुडताना तिला मधेच कंबर धरून थांबावं लागे. कारण मला ठाऊक होतं. त्या पेशींनी मणक्यात ठाण मांडलं होतं आणि तिथून माझे लोंढे सुटले होते. मी जीव तोडून वाढत होते. कुणीतरी बघा, कुणीतरी मोजा! पण खुणेला तोंड कुठलं?

अखेर रक्त काढलं. रक्त तपासायच्या यंत्रात मला पकडायला नाजूक गळ असतात आणि ते गळ धरून ठेवायला चिकट मणी असतात. पण त्या केसांच्या गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व खच्चून भरलं होतं. त्याने मण्यांवरच्या सगळ्या जागा बळकावल्या. मला पकडलेले गळ निसटले आणि माझ्यासकट धुऊन गेले. यंत्राने आकडा दाखवला, अगदी लहानसा.

“बघ अम्मा, उगाच घाबरलीस,” सौम्यलता हसली. “बागेत वाकून वाकून दुखते पाठ.”

डॉक्टर शैला मात्र हसल्या नाहीत. “पडल्यावर थांबते का दुखायची?”

“छे हो. कूस बदलू देत नाही.”

“मग हा आकडा मला पटत नाही. हाडांचं स्कॅन करू. दुसरं काही औषध चालू आहे?”

“एक गोळीसुद्धा नाही, मारायरे!” तिकडच्या ‘अहो बाई’च्या चालीवर वारिजा म्हणाली. “आणि स्कॅन लग्नानंतर बघू. आकडा चांगलाय ना?”

ती खोटं बोलत नव्हती. खताला औषध कोण म्हणतं? ती उठली. लग्नाला अजून बराच अवकाश होता, आणि मणका आतून पोखरला जात होता. मी नसानसांतून धावत होते, कुणालाही न दिसता.

दाराशी सौम्यलता म्हणाली, “चल लवकर, बस जाईल. जेवून तुला खतही घ्यायचंय.”

“काय घ्यायचंय?” डॉक्टर ताडकन उठल्या. “खत? पोटात?”

मायलेकी आधी खळखळून हसल्या. मग त्यांनी डॉक्टरांचा चेहरा पाहिला.

गोळ्या बंद झाल्या. पुन्हा रक्त काढलं, तेव्हा मी आहे तेवढी दिसले. स्कॅनमध्ये मणकाही दिसला.

“लग्न पुढे ढकलू, अम्मा.”

“खबरदार! नवरी तू, आजारी मी. ज्याने त्याने आपापलं काम करायचं.”

उपचार सुरू झाले. मित्रांनो, सगळ्यांना वाढण्यात आनंद असतो, मला उणं होण्यात आहे. एवढंच मागते : माझ्या एकटीच्या आकड्यावर विसंबू नका, दुखणाऱ्या अंगाचंही ऐका. आणि आई दवाखान्यात निघाली की तिला विचारा, “तू काय काय गिळतेस गं?” गोळी असो, चूर्ण असो, त्याला घरात कुठलंही लाडकं नाव असो, डॉक्टरांना सगळं सांगा.

काल सुई टोचताना वारिजा पुटपुटली, “या खेपेला दिसू नकोस गं बाई.”

यंत्र फिरलं. आकडा लहान आला. मी लपले नव्हते, मित्रांनो. मी खरंच थोडी उरले होते.