धरणातल्या प्रेताचं पुस्तक

"जुळी बहीण आलीच नाही," असं म्हणत राजेश्वरीबाईंनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "मी शेवटच्या पानापर्यंत वाट पाहिली. तुम्ही म्हणाला होतात, जुळी बहीण येते आणि सगळं फिरतं."

रुपाली ओव्हाळने पुस्तक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं, जणू ती बहीण बांधणीतच कुठंतरी अडकली असावी. मग तिला आठवलं, की जुळी बहीण दुसऱ्याच पुस्तकात होती. आणि ते पुस्तक तिने परवाच एका निवृत्त मास्तरांना 'यात बायकांचं काही नाही, निव्वळ लढाई' असं सांगून दिलं होतं. मास्तर अजून परत आले नव्हते, एवढंच काय ते बरं.

तिने राजेश्वरीबाईंची माफी मागितली. बाई तुंगार्लीहून मुद्दाम रिक्षा करून येत. कितीही रागावल्या तरी दुसरं पुस्तक घेतल्याशिवाय जात नसत. त्या दिवशीही त्यांनी नेलं, फक्त रुपालीला काही न विचारता स्वतःच कपाटातून काढून नेलं. रुपालीला ते फार लागलं.

कारण लोणावळ्यातल्या त्या जुन्या वाचनालयात पुस्तक सुचवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची स्वतःची एक पद्धत होती. रहस्यकथावाल्याला विचारायचं, मागच्या पुस्तकातला खुनी कधी ओळखलात? जो म्हणेल 'पहिल्याच प्रकरणात', तो थापा मारतोय असं धरून त्याला सोपंसं पुस्तक द्यायचं. थ्रिलर मागणारे बहुतेक शनिवार-रविवार बंगल्यावर येणारे, त्यांना पातळ पुस्तक हवं, कारण रविवारी संध्याकाळी घाट उतरण्याआधी ते परत करायचं असतं. ऐतिहासिक कादंबरीवाल्यांचं सगळ्यांत नाजूक. त्यांना घनघोर लढाई लागते, पण त्यांच्या आडनावाचा माणूस त्या लढाईतून पळून गेलेला चालत नाही. एवढं सगळं सांभाळून रुपाली पुस्तक काढून द्यायची आणि माणूस खूश होऊन परत यायचा.

बिघडलं ते वाचनालयाचे अध्यक्ष राजेंद्र सर यांच्या उत्साहामुळे. सर वाईट नव्हते, पण त्यांच्या हाती नवा मोबाइल आला होता. हल्ली लोक पुस्तकं मोबाइलवर शिफारस बघून वाचतात, आपण मागे का राहायचं, असं म्हणून त्यांनी ठरवलं की दर महिन्याला ताज्या रहस्यकथा, थ्रिलर आणि ऐतिहासिक कादंबऱ्या आणायच्या आणि रुपालीने मोबाइलसमोर उभं राहून प्रत्येकीबद्दल दोन शब्द बोलायचे. ते दोन शब्द सभासदांच्या ग्रुपवर जायचे, आणि मोबाइलसमोर उभं राहायचं म्हटलं की रुपालीला धडकी भरायची. आता बोलायचं तर वाचणं आलं. आजवर एका वेळी एक पुस्तक निवांत वाचणारी रुपाली एकदम पाच-सहा पुस्तकं वाचू लागली. एक वाचनालयात, एक कुकरच्या शिट्ट्या मोजताना, एक सासूला दाखवायला नेलं की दवाखान्याच्या बाकावर. त्यात या नव्या रहस्यकथा म्हणजे एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. प्रत्येकीत एक बंद खोली, एक हरवलेली मुलगी आणि नोकरीतून निलंबित झालेला एक इन्स्पेक्टर. तिच्या डोक्यात सगळ्यांची मिळून खिचडी झाली. एका कादंबरीतला सरदार दुसरीतल्या फार्महाउसवर जाऊन मरायला लागला. घरी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. आपल्याला काही झालंय की काय, अशी भीती तिला मधूनच वाटून जायची, पण ती कुणापाशी बोलली नाही.

अशात तेजलचा फोन आला. तेजल म्हणजे औंढ्याच्या श्रीपती येवल्यांची सून. श्रीपती आबांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं होतं. आबांचा हट्ट होता की नेलेलं पुस्तक पुरं करायचं. पण हातात पुस्तक धरवत नव्हतं. तेजलने वाचून पाहिलं, तर ती बातम्या दिल्यासारखं वाचते म्हणून आबांनी तिला थांबवलं. रुपालीला बोलवा म्हणाले.

श्रीपती आबा हा रुपालीचा सगळ्यांत पक्का वाचक. नोकरीत असताना ते घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोडायच्या इंजिनावर होते. गाडी खंडाळ्यापर्यंत ढकलत आणून सोडली, की पुढच्या फेरीपर्यंत वेळच वेळ. त्या वेळात त्यांना रहस्यकथांचा नाद लागला, तो निवृत्त झाल्यावरही सुटला नाही. पुस्तकांची नावं त्यांच्या कधी लक्षात राहिली नाहीत. ते प्रेतावरून पुस्तक ओळखायचे. विहिरीतल्या प्रेताचं, पेटीतल्या प्रेताचं. सध्या चालू होतं ते धरणातल्या प्रेताचं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरतं आणि गाळात ठेकेदाराची जीप सापडते, आत ठेकेदार.

आणि आबांचा एकच नियम होता, शेवट कुणी सांगायचा नाही. त्यांच्याबरोबरच्या बाजीरावाने एकदा चहा पिता पिता खुनी सांगून टाकला, तेव्हापासून आबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढे बाजीरावाच्या मुलीच्या लग्नाला गेले, आहेर केला, पंगतीत जेवले आणि नवरीच्या बापाशी एक अक्षरही न बोलता घरी आले.

वाचनालय दुपारी बंद असतं. त्या वेळात रुपाली स्कूटीवरून औंढ्याला जायला लागली. आबांची खाट पुढच्या खोलीत होती. शेजारच्या खुर्चीवर बसून ती वाचायची आणि आबा डोळे मिटून ऐकायचे. मध्येच बोट वर केलं, की थांबायचं. मग ते आपला संशय सांगायचे. आधी ठेकेदाराच्या भावावर होता, नंतर धरणावरच्या चौकीदारावर गेला. भागुबाईंना, म्हणजे आबांच्या बायकोला, हे सगळं मुळीच पसंत नव्हतं. घरात आजारी माणूस आणि ही बाई मढ्याच्या गोष्टी वाचते, असं त्या रुपालीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तेजलला सांगायच्या आणि वर तिच्यासाठी चहाही टाकायच्या. रुपाली ओशाळी होऊन चहा प्यायची आणि पुढे वाचायची. तिथे मात्र तिचं डोकं ताळ्यावर असायचं, कारण पुस्तक समोर उघडं असायचं.

पुस्तक निम्म्यावर आलं असेल, तेव्हा एका दुपारी आबांनी बोट वर केलं, पण संशय सांगितला नाही.

"पोरी, अजून लय पानं हायेत," ते म्हणाले. "माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. कुणी मारला त्ये सांगून टाक."

शेवट सांग, असं हा माणूस म्हणतोय, म्हणजे आता काही उरलं नाही, हे रुपालीला कळलं. दवाखान्याच्या कागदांवर काय लिहिलंय ते तिने पाहिलं नव्हतं, पण हे त्याहून स्पष्ट होतं. तिने पुस्तक महिन्यापूर्वी वाचलेलं होतं, सुचवलंही तिनेच होतं. आता घाबरत का होईना, सांगायला हवं होतं. तिने डोळे मिटले आणि सांगून टाकलं की डॉक्टरांनी. डॉक्टरांनीच इंजेक्शन दिलं होतं, आणि मुलगी त्यांनीच लपवली होती.

आबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"ह्यात डागदर कुटं हाय?"

रुपालीने पुस्तकाकडे पाहिलं. धरणाच्या पुस्तकात डॉक्टर नव्हता. मुलगीही नव्हती. डॉक्टर होता तो थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्याच्या पुस्तकात, आणि ते तिने आबांसाठीच मागे काढून ठेवलं होतं, यानंतर द्यायचं म्हणून. ते तिने तसंच सांगितलं. सांगताना तिला रडू फुटलं. आबांच्या आधी तिच्यावर कुणाचा इतका विश्वास नव्हता आणि ऐन वेळी तिने ही माती खाल्ली होती.

"म्हंजे त्ये दुसरं बी ग्येलं," आबा म्हणाले आणि हसायला लागले.

ते इतके हसले की ठसका लागला. भागुबाई धावत आल्या, पाणी पाजलं, पाठ चोळली आणि रुपालीकडे रागाने बघितलं. ठसका थांबल्यावर रुपाली घाईघाईने शेवटची पानं उघडायला लागली, तर आबांनी पुस्तकावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे. ह्याचा तरी शिल्लक हाय. फुडं वाच."

आणि ते खरंच पुढे ऐकू लागले. त्या दिवसानंतर त्यांना हुशारी वाटायला लागली, असं तेजलही म्हणाली. ते दुपारची वाट बघायचे, पेज घ्यायचे. चौकीदारावरचा संशय काढून त्यांनी तो ठेकेदाराच्या बायकोवर टाकला आणि मग तिथूनही काढला. मधूनच रुपालीकडे बघून म्हणायचे, डागदर आला का गं? रुपाली वाचनालयात परतली की संध्याकाळभर पुन्हा गोंधळलेलीच असायची, पण कसं कोण जाणे, मोबाइलसमोर उभं राहायची तिची भीती गेली होती. तिने राजेंद्र सरांना सांगितलं की महिन्याला एकच पुस्तक जमेल. सर जरा हिरमुसले आणि हो म्हणाले.

मग तो दिवस आला, ज्याबद्दल रुपालीला अजूनही काही उमगत नाही. थोडीच पानं राहिली होती. आज शेवट होणार म्हणून निघण्याआधी तिने वाचनालयाच्या टेबलाशी बसून ती पानं वाचून काढली होती, यावेळी घोटाळा नको म्हणून. नाव तिच्या ओठांवर होतं. पण आबा ग्लानीत होते. तिने हाक मारली तेव्हा डोळे उघडले, ओळखलं.

"वाचू का, आबा?"

"उद्या," ते म्हणाले.

ती तशीच बसून राहिली. सांगावं का? एक नाव तर सांगायचं होतं. त्यांनी एकदा स्वतःच मागितलं होतं. पण नंतर स्वतःच नको म्हटलं होतं. यातलं खरं कुठलं धरायचं? उद्या म्हणालेत, म्हणजे त्यांना उद्या हवाय, आणि आज सांगितलं तर आपणच तो हिरावून घेतला असं होईल. आणि उद्या उजाडलाच नाही तर? कानाशी वाकून सांगण्याइतकी ती जवळ होती. ती वाकलीही. मग पुस्तक त्यांच्या उशाशी ठेवलं, कपाळावर हात ठेवून उठली आणि उद्या येते म्हणाली.

पहाटे आबा गेले.

तेरावं झाल्यावर रुपाली पुन्हा औंढ्याला गेली. पुस्तकासाठी नव्हे, तोंड दाखवायला. खाट उचलली होती, त्यामुळे खोली मोठी दिसत होती. तेजलने आतून पुस्तक आणलं, उशीर झाला म्हणून दिलगिरी दाखवली आणि पुढे केलं. रुपालीने ते घेतलं. मग तिच्याने राहवलं नाही. ती भागुबाईंच्या शेजारी बसली आणि म्हणाली की मावशी, मला माहीत होतं, मी त्यांना सांगू शकले असते, माझं चुकलं का?

भागुबाईंनी तिच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघितलं.

"कुणी मारला?" त्यांनी विचारलं. आणि रुपाली तोंड उघडणार, तोच त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "तसं नगं. वाच."

रुपालीला काही समजेना. तिने तेजलकडे बघितलं, तर तेजलही सासूकडेच बघत होती. भागुबाईंना अक्षर येत नव्हतं. मढ्याच्या गोष्टी म्हणून त्यांनी नाकं मुरडली होती. तिने चाचरत विचारलं, मागचं सगळं आधी सांगू का? त्यावर भागुबाई म्हणाल्या की त्याची गरज नाही, ठेकेदाराची बायको गावच्या शाळेतल्या गुरुजींकडं कागद मागायला गेली, तिथं तू थांबलीस.

तिथेच थांबली होती. रुपालीने पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली. ठेकेदाराची बायको कागद मागते, गुरुजी चहा ठेवतात, बोलता बोलता जीपच्या किल्लीचा विषय निघतो. भागुबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. तेजल उंबऱ्यातच खाली बसली. किल्ली गुरुजींच्या कपाटात निघाली, तिथे रुपालीने थांबून भागुबाईंकडे पाहिलं.

"गुरुजी?" भागुबाई म्हणाल्या. "त्यो तर समद्यांला चा पाजीत व्हता."

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि खाट होती त्या जागेकडे थोडा वेळ बघत राहिल्या.

"त्येंला बी न्हाई वळखू आला असता," त्या म्हणाल्या. रुपालीने होकारार्थी मान हलवली आणि उरलेलं पान वाचायला घेतलं.