आठ अक्षरांची जीभ

दादानं तिचं टेबल भंगारात घातलं, त्या दिवसापासून ठिणगीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. याचं उट्टं काढायचं. भांडण तर ती जन्मापासून करत आली होती, म्हणून तर बाबांनी तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं. पण या वेळी नुसतं भांडून भागणार नव्हतं. दादाचं नाक चारचौघांत कापायचं होतं.

झालं होतं असं. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ठिणगी दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलेली, आणि इकडे दादानं खालची खोली रिकामी केली. त्या खोलीत बाबा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. हात कापायला लागल्यावर त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि तिथं ठिणगीनं आपलं टेबल मांडलं. नोकरीवरून आली की ती तिथं छोटी छोटी यंत्रं जुळवत बसायची. कुंडीतली माती सुकली की ओरडणारं एक, टाकी भरली की मोटर बंद करणारं एक. सोल्डरिंग आयर्न, मीटर, निवडून निवडून डबीत लावलेले सुटे भाग, सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर गेलं. ती परत आली तर खोलीत फक्त फिनेलचा वास.

"अगं, बाबांनीच सांगितलं," दादा म्हणाला. "खोली भाड्यानं द्या म्हणाले."

"म्हणाले? कुठल्या तोंडानं?"

"खुणेनं. मान हलवली त्यांनी. मला कळतं त्यांचं."

मान म्हणे! बाबांची मान हल्ली हो म्हणायचं असो की नको, एकाच बाजूला लवायची. अक्षरांचा तक्ता पुढे धरावा, तर डाव्या हाताचं बोट थरथरत एकदम तीन-चार अक्षरांवरून फिरायचं. दादाला आयतंच फावलं. चहात साखर कमी पडली, की 'बाबांना असाच आवडतो'. टीव्ही बंद केला, की 'बाबांना त्रास होतो'. आणि आता खोली. भाडेकरूही ठरला होता. रविवारी आत्या येणार होती. बाबांची ही थोरली बहीण, घरातली कुठलीही मोठी गोष्ट तिच्या कानावर घातल्याशिवाय पक्की व्हायची नाही. तिच्यासमोर दादानं 'बाबांचीच इच्छा' म्हटलं की खोली गेली आणि ठिणगी बसली हात चोळत.

"बोलू देत ना मग बाबांनाच," ती स्वतःशी पुटपुटली आणि यंत्रावर अक्षरं दाखवणारा छोटा पडदा आणायला बाहेर पडली.

दुकानदारानं काचेवर तीन पडदे मांडले. एक रंगीत, चित्रंबित्रं दाखवणारा. एक इवलासा, काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं उमटवणारा. आणि तिसरा तो जुनाच, हिरवट, दोन ओळींचा, ओळीला सोळा घरं, वजनकाट्यावर असतो तसला.

"हा घ्या," त्यानं रंगीत पुढे सरकवला. "यात वाट्टेल ते लिहा. त्या जुन्यात आपली अक्षरं नसतातच. इंग्रजी तेवढी आयती. आपली हवी असतील तर ठिपक्या-ठिपक्यानं घडवायची, आणि तीही एका वेळी आठच. नववं मावत नाही. कशाला डोक्याला ताप?"

ठिणगीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि तिचे डोळे चमकले. रंगीत पडद्यावर वाट्टेल ते लिहिता येतं, म्हणजे दादालाही येणार. उद्या तो कुणाकडून तरी आपल्याला हवी ती वाक्यं भरून घेईल आणि पुन्हा म्हणेल, बघा, बाबाच म्हणतायत. या जुन्यात आठच जागा. त्या भरणार कोण? ती. ज्याच्या हातात अक्षरं, त्याच्या हातात बाबांची जीभ.

"जुनाच द्या," ती म्हणाली. "म्हाताऱ्या डोळ्यांना अक्षर मोठं दिसतं." आणि ते दिसत होतंच.

नवं टेबल नव्हतं, म्हणून तिनं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बस्तान मांडलं. खालच्या ओळीत आठही अक्षरं एकदम दिसायची. पडद्याला तिनं दोन बटणं जोडली. हिरवं दाबलं की अक्षराखालची खूण पुढच्या अक्षरावर सरकायची, लाल दाबलं की ते अक्षर वरच्या ओळीत जाऊन बसायचं, आणि लाल दाबून धरलं की वरची ओळ पुसून खूण परत पहिल्या अक्षरावर यायची. आडवे पाच ठिपके आणि उभे आठ, एवढ्यात एकेक अक्षर कोंबायचं. बाबांना लागेल ते तिनं आधी मनाशी धरलं. हो. नको. पाणी. दुखतंय. सुटं करून मांडलं तर हो, न, को, पा, णी, दु, ख, तं, य. नववं 'य' भरलं मात्र, पडद्यावरचा 'हो' डोळ्यांदेखत 'य' होऊन बसला! नववा पाहुणा थेट पहिल्याच्या पाटावर.

"हात्तिच्या!" म्हणत तिनं 'य' काढून टाकला. 'दुखतं' एवढं पुरे की. 'हो' परत भरला. आठ जागा, आठ अक्षरं, एकदम चपखल. तिथंच हात आवरता घेतला असता तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

पण बाहेरच्या खोलीतून दादाचा आवाज आला. फोनवर होता, भाडेकरूशी. मधाळ बोलत होता. "अहो, वडिलांचीच इच्छा आहे. त्यांचा शब्द मी कसा मोडू?"

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं 'दु' पुसला, तिथं 'दा' काढला. दोनदा दाबला की दादा. 'ख' पुसून 'खो' केला, 'तं' पुसून 'टं'. खोटं. दुखलं तर माणूस कण्हतं, ते कुणालाही कळतं. दादा खोटारडा आहे हे कण्हून कसं सांगणार? असं तिनं मनाला समजावलं, आणि मनाला फारसं समजवावंही लागलं नाही.

शनिवारी तिनं पडदा आणि बटणं एका डब्यात बसवून तो डबा बाबांच्या डाव्या हाताशी ठेवला. बाबांनी आधी अक्षरं न्याहाळली. पाटीवाल्याची नजर ती! चिरडलेली 'णी' पाहून ते अर्ध्या तोंडानं हसले. मग दाबत दाबत 'पाणी' आणलं. ठिणगी पेला भरून धावली, आणि ते पीत असताना तिचे डोळे भरून आले. किती महिन्यांनी काही मागितलं होतं त्यांनी.

पेला ठेवून त्यांनी पुन्हा हिरवं बटण धरलं. खूण आठही अक्षरांवरून फिरली, परत पहिल्यावर आली, पुन्हा फिरली. लाल बटण काही दाबेनात. मग डावा हात उचलून त्यांनी मेलेल्या खांद्यावर ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"जमेल हळूहळू, बाबा," ती म्हणाली आणि पेला विसळायला उठली.

रविवारी आत्या आली, खुर्चीत बसली, चहा झाला. दादानं घसा खाकरून सुरुवात केली. खोली नुसती पडून आहे, बाबांनी स्वतः सांगितलंय, मी आपला त्यांच्या शब्दाबाहेर नाही. ठिणगीनं उठून डबा बाबांपुढे ठेवला.

"आता हे काय खेळणं?" दादा म्हणाला.

"बाबांचं तोंड. विचार त्यांना."

बाबांचा अंगठा हलला. आत्या चष्मा सावरत मोठ्यानं वाचू लागली. "दा... दा. दादा."

"बघ!" दादाचा चेहरा खुलला. "मलाच हाक मारतायत."

"खो..." आत्या वाचत होती, "...टं. खोटं." तिनं मान वर केली. "काय रे? तू खोटं बोलतोस म्हणतोय तो."

दादाचं तोंड चिमणीएवढं झालं. "यंत्र बिघडलंय. नाहीतर हिनंच भरून ठेवलं असेल काहीतरी. बाबा, खोली द्यायची म्हणाला होतात ना तुम्ही? सांगा ना."

वरची ओळ पुसली गेली आणि सावकाश दोन अक्षरं आली. नको.

"झालं की मग," आत्या म्हणाली. "खोली द्यायची नाही. आणि बापाच्या नावावर पुन्हा काही खपवलंस तर माझ्याशी गाठ आहे."

अहाहा! काय गार वाटलं ठिणगीला! दादा जमिनीकडे पाहत बोटं मोडत होता, आणि ती त्याच्याकडे अशी पाहत होती, जणू त्याचं ते पडलेलं तोंड फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे. इथं तरी गप्प बसावं की नाही? पण जिंकलेल्या माणसाला कुठं थांबवतं!

"बघितलंस आत्या?" ती म्हणाली. "याला फक्त खोली दिसली. माझं टेबल गेलं, मी ब्र काढला नाही. हा डबा मी काय याच्याशी भांडायला केला? बाबांसाठी केला. फक्त बाबांसाठी. त्यांना हवं-नको सांगता यावं, एवढ्यासाठी. हो ना बाबा?"

बाबांनी 'नको' पुसलं होतं, खूण 'हो' वरच लुकलुकत होती. नुसतं लाल बटण दाबायचं होतं.

बाबांनी हिरवं दाबलं. खूण पुढे सरकली. न. को.

"बाबा, 'हो' मागे राहिला," ती हसत म्हणाली. "पहिलंच अक्षर."

पा. णी. दा. अंगठा थांबला, पुन्हा हिरव्यावर टेकला. मग लाल. वरच्या ओळीत 'खो' येऊन बसला. पुन्हा हिरवं. पुन्हा लाल.

या वेळी आत्यानं मोठ्यानं वाचलं नाही.

दादासुद्धा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर तुटून पडता आलं असतं. बाबांनी डावा हात उचलून पुन्हा खांद्यावर ठेवला होता आणि ते तिच्याकडे पाहत होते. डोळ्यांत राग नव्हता.

"मी बदलते अक्षरं, बाबा," ठिणगी म्हणाली. "आत्ता बदलते. द्या इकडे."

तिनं हात पुढे केला. बाबांनी डबा छातीशी ओढून घेतला.