कोऱ्या बाजूचा नेम

सुट्टीच्या शनिवारी सकाळी योगेंद्रने पंपाच्या पट्ट्यांवर दोन्ही पाय रोवले, दांडा वर ओढला आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली दाबला. एअरगनच्या नळीखालच्या टाकीत हवा भरायची म्हणजे सायकलच्या चाकात भरण्याइतकं सोपं काम नाही. शेवटी शेवटी दांडा असा हट्टाला पेटतो, की हवा खाली जायच्या ऐवजी आपणच वर उचलले जातो की काय असं वाटतं. हवा किती भरली हे सांगणाऱ्या काट्याकडे त्याने पाहिलं नाही. पाहून उपयोग नव्हता. जिथे काटा असायचा तिथे, तबकडीच्या मधोमध, दिवाळीपासून नुसता धुरकट डाग होता. दांडा हाताला किती जड लागतो यावरून अंदाज बांधून तो थांबला.

"झालं काय?" बोळीच्या तोंडाशी येऊन त्याच्या बायकोने, नंदिनीने विचारलं.

"झालं. कार्ड लाव. आज सुलटं लावजो."

"सुलटं?" ती जागीच थबकली. "कोरं नको?"

"उद्या मॅच हाय नं. काळ्यावर मारून पाह्यतो."

एका बाजूला काळा गोल छापलेलं नेमबाजीचं कार्ड घेऊन ती बोळीतून चालत गेली. बोरगाव मेघेतल्या त्यांच्या घराच्या आणि कंपाउंडच्या भिंतीमध्ये ही अरुंद बोळ होती. घर बांधताना मिस्त्रीने ती चुकून सोडली, असं नंदिनीचं मत होतं. योगेंद्रच्या मते अख्ख्या घरात तेवढंच काय ते बरोबर बांधलं होतं. बोळीच्या टोकाला ओल्या मातीने भरलेली जाड फळ्यांची पेटी, पेटीवर कार्ड, कार्डावर दिवा. आणि नियम एकच: बंदूक उघडी करून टेबलावर ठेवल्याशिवाय बोळीत कोणी पाऊल टाकायचं नाही. या नियमाच्या बाबतीत तो सख्ख्या आईलाही सोडत नसे.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दिवसभर काचेची भांडी धुऊन आणि पोरांच्या मागे ओरडून आलेला हा माणूस या बोळीत उभा राहिला की वेगळाच व्हायचा. कारंज्याचा साडू रूपराव दर उन्हाळ्यात विचारायचा, "एवढी जोरदार बंदूक घेतली, तं माह्या संत्र्यातले वानरं काऊन हाकलत नाई?" योगेंद्र हसून टाळायचा. त्याला कुणाला मारायचं नव्हतं. श्वास अर्धा सोडून थांबायचं, चाप बोटाला कळेल न कळेल असा दाबायचा, आणि पलीकडे कागदाला पडलेलं एक स्वच्छ गोल भोक पाहायचं, एवढ्यात त्याचं सगळं सुख होतं. एकात एक भोक पडलं तर त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त खायचा. शुगर असूनही.

कार्ड उलटं लावायची पद्धत नानाजींची. नाचणगावचे नानाजी फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्या शेतातल्या शेडमध्ये महिन्याच्या एखाद्या रविवारी ही सगळी हौशी मंडळी जमायची. मॅच जवळ आली की नानाजी सगळ्यांची कार्डं उलटी लावायला सांगायचे. "काळा गोल दिसला की माणूस त्याच्या मांगं पळते," असं त्यांचं म्हणणं. "कोऱ्या कागदावर मारा. हात, श्वास आन् बोट, एवढंच पाहा. भोकं एका जागी पडले पाह्यजे." योगेंद्र दिवाळीपासून रोज कोऱ्याच बाजूवर मारत होता. आपली शिकवण कुणाच्या अशी कामी येईल, हे बिचाऱ्या नानाजींच्या स्वप्नातही नसेल.

कारण काळा गोल त्याला दिसतच नव्हता.

डावा डोळा लहानपणी कपाशीच्या पऱ्हाटीची काडी लागून गेलेला. तो नावापुरता, त्याला उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. सगळी मदार उजव्यावर. सुरुवातीला त्याने दिव्याला दोष दिला आणि मोठा दिवा आणला. मग छापखान्यावर खापर फोडलं, शाई पातळ वापरतात म्हणून. नेम धरायला डोळा लावायचं बंदुकीच्या मागच्या साईटचं बारीक भोक काडीला कापूस लावून रोज पुसलं. मेडिकलमधून थेंब आणले, सकाळी कारल्याचा रस नाक दाबून प्यायला. शेवटी कॉलेजात डोळ्यांचं शिबिर लागलं, तेव्हा रांगेत उभा राहिला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ आत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आहे, डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, लवकर या. जे जाईल ते परत येईल असं धरून चालू नका.

तो गेला नाही. पुढच्या रविवारनंतर जाऊ म्हणाला, मग त्याच्या पुढच्या रविवारनंतर. घरी यातलं अवाक्षर काढलं नाही. त्याचे वडील तानबा शेवटची वर्षं खाटेवर बसून असायचे. त्यांची नजरही अशीच मधूनच गेली होती. पाण्याचा गिलास हातात दिला की ते गिलासाकडे न पाहता भलतीकडेच तोंड करायचे, आणि लहान योगेंद्रला त्याचा राग यायचा. आता त्याला कळत होतं, बाबा भलतीकडे का पाहायचे.

नंदिनी परत आली आणि त्याच्या मागे उभी राहिली. त्याने छर्रा आत सरकवला, बोल्ट बंद केला, दस्ता खांद्याला लावला आणि साईटच्या भोकाला डोळा भिडवला.

पांढरं. नुसतं पांढरं.

त्याने डोळा मिटला, उघडला. मान थोडी वाकडी केली. काळं कुठेच नव्हतं. आपल्याला दिसणार नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी आत कुठेतरी त्याने आशा धरून ठेवली होती, की खरोखरच काळा गोल समोर आला तर डोळा निदान लाजेकाजेने तरी काही दाखवेल. उद्या नानाजींच्या शेडमध्ये आठ-दहा जण बघत असताना काय करणार होता तो? आणि एकाएकी त्याच्या मनात आलं, हिने सवयीने उलटंच लावलं असेल तर? इतके दिवस रोज उलटं लावत आली आहे. लावलं असेल. उलटंच लावलं असणार. त्याला एवढं हायसं वाटलं की हसूच आलं.

"नंदा, उलटं लावलं नं तू," तो म्हणाला. त्याने बोल्ट उघडला, छर्रा काढला आणि बंदूक टेबलावर ठेवली. "कोरी बाजू हाय समोर. जाय, पाह्य बरं."

"उलटं हाय काय?" ती म्हणाली.

"मंग काय खोटं सांगतो?"

ती गेली. तिच्या पायातला नेहमीचा घरातल्या स्लिपरचा फटफट आवाज आज नव्हता, टाचेच्या चपलांचा टकटक आवाज होता. हे त्याच्या कानांवर पडलं, पण त्याचं लक्ष कागदाकडे होतं. कागद सळसळला. मग बराच वेळ काहीच नाही. एक कार्ड फिरवायला इतका वेळ लागत नाही, असं त्याला वाटून गेलं. मग टकटक परत जवळ आली.

"खरंच उलटं होतं जी," ती म्हणाली. "फिरवलं. आता पाहा. दिसते?"

त्याने बंदूक उचलली. भोकाला डोळा लावला.

पांढरं. तसूभरही फरक नव्हता. आता नाही म्हटलं तर संपलं. आजच संपलं, उद्याची वाट पाहायलाही नको. पुढे खाट, आणि हातात दिलेला गिलास.

"हो," तो म्हणाला. "आता बरोबर."

"काळं दिसते?"

"दिसते म्हणजे? खणखणीत दिसते."

त्याने छर्रा घातला. पांढऱ्या चौकोनाचा मध्य त्याने अंदाजाने धरला, श्वास अर्धा सोडला आणि थांबला. बंदुकीने खांद्याला हलकासा धक्का दिला, पलीकडे मातीत 'टप्' झालं. पुन्हा घातला. पुन्हा 'टप्'. हात काही विसरले नव्हते, आणि याच गोष्टीने त्याला रडू यायला लागलं. दहा वर्षांत घडवलेले हात जागच्या जागी शाबूत होते, फक्त त्यांना कुठे जायचं हे सांगणारा कुणी उरला नव्हता. तो मारत राहिला. डबीच्या झाकणात काढलेले छर्रे संपले, तरी बोटं झाकणात चाचपत होती.

"संपले," नंदिनी म्हणाली.

त्याने बोल्ट उघडा करून बंदूक खाली ठेवली. "आन कार्ड."

"आज तुम्हीच आना."

तो वळला. कार्ड आणायचं काम इतक्या वर्षांत तिचंच होतं. उलट तोच कधी घाईघाईने निघाला तर ती रागवायची. पण तिच्या आवाजात असं काही होतं की काऊन म्हणून विचारायची त्याची हिंमत झाली नाही. एक हात भिंतीवर ठेवत तो बोळीतून चालत गेला आणि त्याने पेटीवरून कार्ड काढलं.

समोरच्या बाजूवरून त्याने अंगठा फिरवला. भोकं सापडली. सगळी एका ठिकाणी, रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील एवढ्या जागेत, कडा साफ. त्याने कार्ड फिरवलं आणि मागून अंगठा फिरवला. इथे कागद भोकांच्या कडेने वर उचलला गेला होता, बोटाला खरखरत होता. छर्रा बाहेर पडतो तिकडे असंच होतं. ते तर नवशिक्यालाही माहीत असतं. हल्ली तो चोरून सगळं वाचायचा तसं त्याने कार्ड डोळ्याच्या कोपऱ्याजवळ धरलं.

काळा गोल त्या खरखरीत बाजूला होता. भोकं त्याच्या बाहेर, जरा खाली पडली होती.

म्हणजे तो कोऱ्या बाजूवरच मारत होता. म्हणजे तिने पहिल्यांदा लावलेलं कार्ड सुलटंच होतं. ती ते फिरवून आली होती, आणि मग तिने विचारलं होतं, काळं दिसते? तो कार्ड धरून भिंतीला टेकला. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं, आणि त्याला वाटलं होतं तसं आभाळही कोसळलं नव्हतं. बोळीपलीकडे कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता.

नंदिनी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"गाडी बिघडली सांगून कॉलेजात पायी जाऊन राह्यले तुम्ही," ती म्हणाली. "काल मी सुरू करून पाह्यली. एका बटनात सुरू झाली."

त्याने कार्डाची कड नखाने कुरतडली.

"डॉक्टरले दाखवलं?"

"शिबिरात. डोळ्यात सुई द्या लागते म्हणे. लवकर या म्हणे."

"मंग काऊन नाई गेले?"

"गेलो आन् ते म्हणले, उशीर झाला, तं?" तो म्हणाला. "जोपर्यंत जात नाई, तोपर्यंत उशीर नाई झाला, नंदा."

तिने त्याची समजूत घातली नाही. त्याच्या हातातून कार्ड घेतलं, काळी बाजू त्याच्याकडे केली आणि हात लांब करून भिंतीच्या बाजूला धरलं.

"समोर पाहा. माह्याकडं. हे काळं दिसते?"

"दिसते."

ती कार्ड हळूहळू मध्ये आणू लागली. "आता?"

"दिसते."

"आता?"

खोटं बोलायची इतकी सवय झाली होती की 'दिसते' हा शब्द ओठांपर्यंत आला. त्याने तो गिळला.

"गेलं," तो म्हणाला. "आता गेलं."

तिने कार्ड खाली घेतलं. "आन् मी?"

त्याने समोर पाहिलं. तिच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग होता. त्याच्या भोवती केस होते, कानातलं होतं, साडीचा काठ होता. मग बाबा करायचे तसंच त्याने केलं. मान वळवून तिच्याशेजारच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. तेव्हा कुठे डोळ्याच्या कडेने ती दिसली. कपाळावरची टिकली, घट्ट मिटलेले ओठ, खांद्याला अडकवलेली पर्स आणि मुठीत गाडीची किल्ली.

"नानाजीले सकाळीच फोन केला मी," ती म्हणाली. "उद्या येत नाई म्हणून सांगतलं. कपडे बदला. डोळ्याची ओपीडी दुपारपर्यंतच राह्यते."

"गाडी कोण चालवन?"

"मी," ती म्हणाली, आणि बंदूक आवरून पिशवीत ठेवायला टेबलाकडे गेली.